वंशावळ चारचौघांत वाचावी

सुगी आटोपून धान्य घरात आलं की कोल्हापूर जिल्ह्याच्या दक्षिण भागात आणि लगतच्या बेळगाव जिल्ह्यात हेळवी यायचा. बैलावर बसून, घंटा वाजवत. अजूनही काही घरी येतो, वह्या घेऊन येतो. दारात आल्यावर घरची नावं विचारण्याआधी तोच सांगायला लागतो. मूळ पुरुष कोण, तो कुठल्या गावचा, तिथून का उठला, इथं आल्यावर त्याला मुलगे किती झाले, कुणाचा वंश वाढला आणि कुणाचा खुंटला. सांगत सांगत पणजोबापर्यंत आला की घरातली म्हातारी माणसं माना डोलवायला लागतात. मग गेल्या खेपेनंतर जन्मलेल्या पोरांची नावं वहीत चढतात. धान्य, कापड, एखादं भांडं, हल्ली रोख रक्कम असा मान घेऊन तो पुढच्या घरी जातो. कुठल्या गावातली कुठली घरं कुणाकडे, हे हेळव्यांच्या भावकीत वतनासारखं वाटून दिलेलं असतं. पूर्वी हे सगळं तोंडपाठ असायचं, वह्या नंतर आल्या.

या भेटीचं मोल फक्त वहीत नाही. हेळवी सांगत असतो तेव्हा भावकीतली चार माणसं सोप्यात येऊन बसतात. ‘तुका थोरला न्हवं, धाकला’ असं कुणीतरी मध्येच म्हणतं. दुसरा त्याला दुजोरा देतो, तिसरा आपल्या आज्यानं सांगितलेलं काहीतरी वेगळंच काढतो. म्हणजे वंशावळ तिथं नुसती ऐकली जात नाही, तपासली जाते. घराण्याचा इतिहास शोधण्याची आवड असलेल्या माणसांना मला आग्रहानं सांगायचं आहे ते हेच: हे काम एकट्यानं, घरात कागद पसरून करायचं आहेच, पण ते तिथं पुरं होत नाही. ते चारचौघांत मांडावं लागतं. आणि त्यासाठी याच भागातलं मुरगूडसारखं गाव पुण्या-मुंबईपेक्षा जास्त योग्य आहे.

जगात अशा सभांना चांगली परंपरा आहे. अमेरिकेत बोस्टनला घराण्यांच्या इतिहासासाठी 1845 मध्ये संस्था निघाली, ती अजून चालू आहे. लंडनची ‘सोसायटी ऑफ जीनिऑलॉजिस्ट्स’ 1911 ची. सॉल्ट लेक सिटीत 2011 पासून ‘रूट्सटेक’ नावाचा मोठा मेळावा भरतो. तिथं जुनं हस्ताक्षर कसं वाचायचं, जनगणनेच्या याद्या कशा शोधायच्या, स्थलांतरितांची जहाजं कशी ओळखायची यांवर व्याख्यानं होतात आणि अनुभवी माणसं टेबल टाकून बसतात. लोक आपला अडलेला कागद घेऊन त्यांच्यापुढे येतात. व्याख्यानापेक्षा या टेबलांपाशीच जास्त काम होतं असं मला वाटतं.

आपल्याकडे व्याख्यानमाला रुजल्याला दीड शतक झालं. पुण्याची वसंत व्याख्यानमाला न्यायमूर्ती रानड्यांनी 1875 मध्ये सुरू केली आणि पुढे गावोगावी तशा माला निघाल्या. पण आपल्या विषयाला जास्त जवळची गोष्ट आहे ती भारत इतिहास संशोधक मंडळाची. 7 जुलै 1910 रोजी वि. का. राजवाडे आणि सरदार खंडेराव मेहेंदळे यांनी पुण्यात हे मंडळ स्थापन केलं. सभेत यायचं ते एखादं अस्सल पत्र, ताम्रपट किंवा सनद घेऊन. ते वाचायचं, त्यावर टिपण सादर करायचं आणि जमलेल्यांनी शंका काढायच्या, ही शिस्त मंडळानं घालून दिली. गावोगाव हिंडून वाड्यांच्या माळ्यांवरचे रुमाल सोडवणाऱ्या राजवाड्यांना कागदाची किंमत माहीत होती. कागद दहा जणांच्या नजरेखालून गेल्याशिवाय त्यावर भरवसा ठेवू नये, हेही ते जाणत होते.

याच्याही मागे जायचं तर गोतसभा आहे. सतराव्या-अठराव्या शतकात पाटीलकीचा, देशमुखीचा, कुलकर्णाचा वाद उभा राहिला की गोत जमायचं. वादी-प्रतिवादी आपापली तकरीर द्यायचे आणि तिच्यात घराण्याची हकिगत असायची. वतन कुणी मिळवलं, त्याला बायका किती, थोरली शाखा कुठली, दुष्काळात गाव सोडून कोण गेलं, मागं राहून वतन कुणी चालवलं. ऐकायला आसपासच्या गावांचे पाटील, शेटे-महाजन आणि बारा बलुतेदार. निकालाचा कागद म्हणजे महजर. त्यावर लिहिता येणाऱ्यांच्या सह्या आणि न येणाऱ्यांच्या निशाण्या, जसा शेतकऱ्याचा नांगर. हरलेल्यानं येजितखत लिहून द्यायचं, म्हणजे आपण खोटे ठरलो हे कबूल करायचं. साक्षी-पुराव्यानं भागलं नाही तर रवादिव्य, म्हणजे उकळत्या तेला-तुपातून धातूचा तुकडा हातानं काढायचा. ते दिव्य क्रूर होतं आणि गेलं ते बरंच झालं. पण भर सभेत, गावाला माहीत असलेली गोष्ट खोटी सांगणं किती अवघड असेल याचा विचार करा. आज दफ्तरखान्यांत ज्या जुन्या वंशावळी सापडतात त्यांतल्या फार मोठ्या भागाला अशी भांडणंच कारणीभूत आहेत. ज्यांना वतन होतं ते भांडले, म्हणून त्यांचं लिहून राहिलं. ज्यांच्याकडे भांडण्याजोगं काही नव्हतं त्यांचं राहिलं नाही. हा असमतोल लक्षात न घेता घराण्याचा इतिहास लिहिला तर तो वतनदारांचा इतिहास होतो.

आता कुलसंमेलनांकडे येऊ. कोकणस्थ घराण्यांत विसाव्या शतकाच्या पूर्वार्धापासून कुलवृत्तांत छापण्याची प्रथा पडली आणि पुढे इतर समाजांनीही ती उचलली. मराठा घराण्यांचे मेळावेही आता होतात. एका आडनावाची माणसं मूळ गावी किंवा कुलदैवताच्या ठिकाणी जमतात, अभिषेक होतो, सत्कार होतात, जेवणं होतात, स्मरणिका निघते. माणसं भेटतात हे चांगलंच आहे. पण एका आडनावाचीच माणसं जमली की शंका काढणारा कुणी उरत नाही. मूळ पुरुष राजपुतान्यातून आला, अमुक लढाईत पराक्रम केला, अशी वाक्यं टाळ्या घेतात आणि मधल्या आठ-दहा पिढ्यांचा पुरावा कुणी मागत नाही. म्हणून मला आडनावाच्या संमेलनापेक्षा गावाची सभा मोलाची वाटते. तिथं पाटील असतात तसे सुतार, कुंभार, धनगर, जैन, लिंगायत, मुसलमान, दलित वस्तीतली माणसंही असतात. तुमच्या पणजोबाची खरी गोष्ट कधीकधी त्यांच्या घरात जपलेली असते.

आडनावावर विसंबू नये याचं उत्तम उदाहरण आपल्याच परिसरात आहे. कागल तालुक्यातलं सेनापती कापशी हे संताजी घोरपड्यांच्या वंशजांचं ठिकाण. घोरपड्यांच्या शाखा मुधोळ, दत्तवाड, गजेंद्रगड, संडूर, गुत्ती अशा दूरवर पसरल्या. या यादीत कुणी इचलकरंजीचे घोरपडेही घालील आणि तिथंच फसेल. इचलकरंजी संस्थानचे मूळ पुरुष नारो महादेव हे वेंगुर्ल्याजवळच्या म्हापणचे जोशी, ब्राह्मण. संताजी घोरपड्यांच्या आश्रयानं ते वर आले आणि धन्याविषयीच्या कृतज्ञतेनं त्यांनी घोरपडे हे आडनाव घेतलं. एकच आडनाव, पण रक्ताचा संबंध नाही. याच्या उलटही घडतं. एकाच बापाच्या पोरांत एक पाटील, एक देसाई आणि तिसरा गावाच्या नावावरून ‘कर’ झालेला सापडतो. मुरगूड परिसरात पाटील आडनावाची घरं कितीतरी आहेत. ती सगळी एका कुळीची मानली तर पहिल्याच पानावर घोटाळा होईल. तिथं देवक विचारायचं, कुलदैवत विचारायचं आणि सुतक कुणाकुणाला लागतं हे विचारायचं. सुतकाचा हिशेब ही गावातली चालती-बोलती वंशावळ आहे. कागद नसलेल्या घरालाही आपली भावकी कुठं संपते हे त्यावरून नेमकं सांगता येतं.

दत्तकाचा प्रश्नही असाच. 26 जून 1874 रोजी कागलच्या घाटग्यांच्या घरात यशवंतराव जन्मले. वडील जयसिंगराव आबासाहेब घाटगे, आई राधाबाई मुधोळच्या घोरपड्यांची लेक. 17 मार्च 1884 रोजी ते कोल्हापूरच्या गादीवर दत्तक गेले आणि शाहू छत्रपती झाले. त्यांची वंशावळ मांडायची तर भोसल्यांची रेघ काढावी लागते, घाटग्यांची काढावी लागते आणि आईकडून घोरपड्यांचीही. मुरगूडजवळचा सर पिराजीराव तलाव ज्या घाटगे घराण्याचं नाव सांगतो त्याच घराण्यातला हा मुलगा. राजघराण्यातला दत्तक सगळ्यांना ठाऊक असतो. शेतकऱ्याच्या घरातला दत्तक मात्र दोन पिढ्यांत विसरला जातो आणि मग फेरफारातलं नाव जन्माच्या नोंदीतल्या नावाशी का जुळत नाही याचं कोडं नातवाला पडतं.

आणि लेकी. आपल्या बहुतेक वंशावळींत त्या नाहीतच. झाडाला फक्त मुलगे लटकतात. जुन्या कागदांत बाईची ओळख ‘सखू कोम रामा’, म्हणजे रामाची बायको, एवढीच. लग्नात नाव बदलायची रीत असल्यानं माहेरचं नावही पुसलं जातं. या रीतीनं कागलच्या घाटग्यांची वंशावळ लिहिली तर तीतून बायजाबाई गळतील. सर्जेराव घाटग्यांची ही लेक 1798 मध्ये दौलतराव शिंद्यांना दिली आणि 1827 मध्ये दौलतराव गेल्यावर 1833 पर्यंत ग्वाल्हेरचा कारभार तिनं पाहिला. बाळाजी विश्वनाथ पेशव्यांची लेक अनुबाई इचलकरंजीच्या घोरपड्यांची सून झाली म्हणून ते घराणं पुण्याच्या दरबाराशी जोडलं गेलं. कोल्हापूरची गादी उभी केली ती ताराबाईंनी, तळबीडच्या हंबीरराव मोहित्यांच्या लेकीनं. लेकी वगळून या भागाचा इतिहास सांगताच येत नाही. मग आपल्या घराचा तरी कसा सांगता येईल? म्हाळाच्या दिवशी भटजी वडिलांकडच्या तीन पिढ्या विचारतात तशा आईकडच्याही विचारतात. निदान तेवढी नावं तरी प्रत्येक घरानं लिहून ठेवायला हवीत.

कागद कुठं असतात, याचंही थोडं सांगायला हवं. तलाठी दफ्तरात गाव नमुना 6 म्हणजे फेरफार आणि 6-क म्हणजे वारसांची नोंदवही. बाप वारल्यावर सातबाऱ्यावर कुणाकुणाची नावं चढली, बहिणींनी हक्क सोडला का, अज्ञान वारस कोण, हे तिथं दिसतं. गाव नमुना 14 म्हणजे जन्म-मृत्यूची नोंद, कोतवाल बुक म्हणून लोक ओळखतात ते. मराठा-कुणबी नोंदी शोधण्यासाठी सप्टेंबर 2023 मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली तेव्हापासून हा नमुना 14 घराघरांत माहीत झाला आणि मोडी वाचणाऱ्यांना एकाएकी मागणी आली. दाखल्यासाठी लोक आजोबांच्या नोंदीपर्यंत पोहोचले, ही मोठी गोष्ट घडली. पण दाखला हातात पडल्यावर बहुतेक जण तिथंच थांबले. त्याच पानावर आजोबांच्या दोन बहिणींची, लहानपणी गेलेल्या भावाची नोंद असते. तीही उतरवून घ्यावी.

शाळेचं दाखल-खारीज रजिस्टर हा दुसरा खजिना. शाहू महाराजांनी 1917 मध्ये करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. त्यामुळे ज्यांचं नाव कधीच कुठल्या सनदेत आलं नसतं अशा घरांतल्या पोरांची नावं शाळेच्या पटावर आली. मात्र या नोंदीतली जन्मतारीख सावधपणे घ्यावी. 1 जूनला जन्मलेली माणसं प्रत्येक गावात ढिगानं सापडतात, कारण तारीख माहीत नसलेल्या पोराला मास्तर शाळेच्या सोयीची तारीख द्यायचे. वर्षदेखील अंदाजाचंच असू शकतं. मृत्यूच्या नोंदीत 1918 च्या सप्टेंबर ते नोव्हेंबरची पानं काढून पाहावीत. इन्फ्लुएंझाची साथ त्या महिन्यांत मुंबई इलाख्यात सर्वांत भयंकर होती. एकाच घरात आठवड्याभरात दोन-तीन मृत्यू, मागं उरलेलं पोर मामाकडे, अशी कितीतरी घराण्यांची तुटलेली कडी त्या पानांवर जुळू शकते.

बिनवतनी घरांसाठी लष्कराच्या नोंदी उपयोगी पडतात. बेळगाव हे मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र. कोल्हापूर भागातले पुष्कळ तरुण दोन्ही महायुद्धांत गेले. राष्ट्रकुल युद्ध-समाधी आयोगाच्या यादीत पडलेल्या अनेक हिंदी सैनिकांच्या नावापुढे वडिलांचं नाव, गाव आणि तालुका दिलेला आहे. ती यादी ऑनलाइन आहे आणि फुकट पाहता येते. घराण्यात कुणी लढाईत गेल्याची नुसती आठवण असेल तर तिथं शोधावं. तीर्थक्षेत्रांतल्या नामावळींचाही आधार असतो. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत यात्रेकरूनं स्वतः लिहिलेली नावं आणि सह्या पिढ्यान्‌पिढ्या सांभाळलेल्या आहेत. उत्तरेत हरिद्वारसारख्या ठिकाणच्या अशा वह्यांचं सूक्ष्मचित्रण अमेरिकेतल्या युटाच्या वंशावळ-संस्थेनं 1977 पासून केलं.

करवीर संस्थानचे जुने कागद कोल्हापूरच्या पुराभिलेखागारात आहेत आणि त्यांची भाषा मराठी असली तरी लिपी मोडी. 1950 च्या सुमारास शाळांतून मोडी गेली, म्हणजे आज सत्तरी ओलांडलेल्या माणसालाही ती येईलच असं नाही. त्यात कालगणना वेगळी. ‘सन सलास सबैन मया व अलफ’ असं लिहिलेलं दिसलं की नवखा माणूस कागद मिटून ठेवतो. पण हे अरबी आकडे आहेत, तीन, सत्तर, शंभर आणि हजार, म्हणजे सुहूर सन 1173. त्यात 599 किंवा 600 मिळवले की इसवी 1772-73 येतं. शकात 78 किंवा 79 मिळवायचे. एका संध्याकाळी फळ्यावर ही एवढी गोष्ट नीट समजावून दिली तर गावातल्या वीस घरांचे कागद बोलायला लागतील. पुराभिलेख खात्याचे मोडी वर्ग असतात, शिवाजी विद्यापीठातही मोडी शिकता येते. गावातल्या दोन-तीन तरुणांनी ती शिकून घेतली तर बाहेरच्या माणसाची वाट पाहावी लागणार नाही.

मुरगूडची जागा आणखी एका कारणानं महत्त्वाची आहे. निपाणीहून मुदाळतिट्ट्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरचं, वेदगंगेकाठचं हे गाव; सोयरीक दोन्हीकडे. 1 मार्च 1949 ला कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं. तोवर इथले लोक करवीर दरबार आणि जहागिरींच्या हद्दीत, तर निपाणी इंग्रजांच्या बेळगाव जिल्ह्यात. 1 नोव्हेंबर 1956 नंतर निपाणी म्हैसूर राज्यात गेलं. त्यामुळे एकाच आजीचं माहेर शोधायला कानडी कार्यालय आणि तिच्या सासरचं शोधायला मराठी कार्यालय गाठावं लागतं. जवळच्या आदमापूरला समाधी असलेले संत बाळूमामा जन्मले ते पलीकडच्या अक्कोळला, तेव्हाच्या चिकोडी तालुक्यात. मेंढरं घेऊन हिंडणाऱ्यांना, बाजारहाट करणाऱ्यांना, लेकी देणाऱ्या-घेणाऱ्यांना ही हद्द कधी आडवी आली नाही. कागदांना मात्र येते. अशा गावात सभा भरवायची तर निपाणी-चिकोडीकडच्या पाहुण्यांना बोलवायलाच हवं.

दूरचीही माणसं या नकाशात आहेत. 1834 पासून मजूर म्हणून मॉरिशसला गेलेल्यांच्या नोंदी तिथल्या मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेत जपल्या आहेत. त्यांत नाव, बापाचं नाव, वय, गाव असं लिहिलेलं असतं. त्या मजुरांत मराठी माणसंही होती आणि त्यांचे वंशज आज आपलं गाव शोधत असतात, पण कारकुनानं कानाला आलं तसं लिहिलेलं गावाचं नाव ओळखायला गावातलीच माणसं लागतात. तंजावरला सरफोजी राजांनी 1803 मध्ये बृहदीश्वराच्या देवळाच्या भिंतीवर भोसले घराण्याचा सगळा इतिहास मराठीत कोरून घेतला. घरापासून शेकडो कोस दूर गेलेल्या माणसाला आपण कोण हे लिहून ठेवावंसं वाटलं. मुंबईच्या गिरणगावात गेलेल्या कोल्हापूरकरांनीही ग्रामस्थ मंडळं काढून गाव धरून ठेवलं. त्या मंडळांच्या जुन्या वर्गणीच्या वह्या कुणाकडे असतील तर त्याही सभेत आणाव्यात. मुंबईला कोण कधी गेलं आणि कुणाच्या ओळखीनं गेलं, हे त्यांतून कळू शकेल.

सभा कशी चालवावी, याबद्दल एक धडा फार लांबून मिळतो. अमेरिकी लेखक अ‍ॅलेक्स हॅले यांचं ‘रूट्स’ 1976 मध्ये आलं, पुढच्या वर्षी त्यावर दूरदर्शन मालिका झाली आणि जगभरच्या लोकांना आपली मुळं शोधण्याचा ध्यास लागला. गुलाम म्हणून नेलेल्या आपल्या पूर्वजाचं गाव हॅले यांनी आफ्रिकेत गांबियात शोधलं आणि तिथल्या एका कथेकऱ्यानं, आपल्या हेळव्यासारख्याच एका माणसानं, त्यांना वंशावळ सांगितली. पुढे अभ्यासकांनी तपासलं तेव्हा दिसलं की पाहुण्याला काय ऐकायचं आहे हे सांगणाऱ्याला आधीच कळलेलं होतं. त्या माणसाला खोटारडा म्हणण्याची घाई मी करणार नाही. घरी आलेल्या पाहुण्याला आनंद व्हावा असं कुणालाही वाटतं. पण यावरून एक नियम घट्ट धरावा: म्हाताऱ्या माणसाला आधी बोलू द्यायचं, कागद नंतर दाखवायचा. ‘आजी, पणजोबा इंग्रजांशी लढले होते ना?’ असं विचारलं की उत्तर होय असंच येतं. ‘आजी, तुमचे आजेसासरे काय करायचे?’ असं विचारावं आणि गप्प बसावं. आजी सांगतात ते जसंच्या तसं लिहून किंवा फोनवर ध्वनिमुद्रित करून घ्यावं. मग फेरफार उघडावा. दोन्ही जुळलं तर उत्तम, न जुळलं तर दोन्ही शेजारी शेजारी लिहून ठेवावं. त्यातलं कुठलं खरं, हे त्या दिवशीच ठरवण्याची गरज नसते.

आणखी एक पथ्य. गावातल्या सभेत दुसऱ्याच्या घरातला पाट, सोडचिठ्ठी, घर सोडून गेलेली बाई, जमिनीचं जुनं वैर असं काही उघड करू नये. जिवंत माणसांविषयीची माहिती त्यांच्या संमतीशिवाय फळ्यावर येऊ नये. वंशावळीचा कागद कोर्टात वापरला जाऊ शकतो, हे गावातल्या प्रत्येकाला ठाऊक असतं, आणि एकदा भीती बसली की कागद पुन्हा पेटीत जातात. गोतसभेचं काम निवाडा करणं होतं. आपल्या सभेचं नाही, हे सुरुवातीलाच स्पष्ट सांगावं.

यासाठी मोठा खर्च लागत नाही. शाळेचा एखादा वर्ग किंवा देवळाचा मंडप, एक फळा, चार टेबलं. एका टेबलावर मोडी वाचणारा, एकावर जमिनीच्या नोंदी समजणारा निवृत्त तलाठी, एकावर शाळेच्या रजिस्टरची माहिती असलेले गुरुजी आणि एक टेबल फक्त जुन्या फोटोंसाठी. फोटोत कोण आहे हे मागच्या बाजूला तिथल्या तिथं लिहायचं, पेन्सिलीनं. व्याख्यान एकच असावं, अर्ध्या तासाचं, एखाद्या गावच्याच कागदावर. जे जमेल त्याची एक प्रत गावच्या वाचनालयात ठेवावी, म्हणजे ज्यांनी खपून माहिती गोळा केली त्यांच्यानंतर ती रद्दीत जाणार नाही.

मुरगूडच्या आणि वेदगंगेच्या दोन्ही काठांवरच्या वाचनालयांना, माजी विद्यार्थी मंडळांना, महिला बचत गटांना माझी विनंती आहे की दिवाळीच्या सुट्टीत, मुंबई-पुण्याची माणसं गावी असतात तेव्हा, अशी एक सभा भरवून पाहा. मूळ कागद घरीच ठेवा, त्याचे फोटो घेऊन या. आणि घरातल्या सर्वांत वयस्कर बाईला सोबत आणा. तिच्या माहेरची तीन पिढ्यांची नावं त्या दिवशी सर्वांत आधी लिहून घ्या.